अवनी साखळकर यांच्या निधनाचा इन्कार

गुरुवारी सकाळी बॅडमिंटनपटू आणि अभिनेत्री अवनी साखळकर यांचं अल्पशा आजाराने निधन झालं.

असं काही झालेलं नाही. 'घडामोड' वाहिनीच्या ऑफिसात त्याच दिवशी तसं ठरलं, आणि ठरल्यावर सगळे चहा प्यायला खाली गेले. तेव्हा ते वाक्य आपणही वाचलेलं नाही असं धरून चालू.

पुष्कर अभ्यंकर त्या वाहिनीत उपसंपादक होता. ऑफिस वाघोलीला, नगर रस्त्यावर, एका टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली लोक बाथरूमच्या फरशा पसंत करत आणि वर ही मंडळी देशाच्या करमणुकीचा सारांश काढत. कार्यक्रमाचं नाव 'झटपट पन्नास'. रोज सकाळी पन्नास बातम्या, एकेकीला तीन सेकंद, आणि दोन बातम्यांच्या मधे तलवार उपसल्यासारखा आवाज. कोणाचा सिनेमा आपटला, कोणती मालिका दुपारच्या वेळेत ढकलली, कोणाला संघातून वगळलं, कोणता निवेदक भांडून कोणत्या वाहिनीत गेला. लोक दात घासता घासता हे बघत आणि चूळ भरेपर्यंत विसरत. कार्यक्रम त्याचसाठी होता.

अडचण एवढीच, की जगात रोज पन्नास गोष्टी घडत नाहीत. शनिवार-रविवारी जग जोरात असतं. मंगळवार-बुधवार आला की ते एकोणपन्नासावर बसकण मारतं. कार्यक्रमाचं नाव काही रोज बदलता येत नाही. म्हणून भरणी लागते, म्हणजे जागा भरायला रचलेली बातमी.

ही सोय तात्यारावांनी करून ठेवली होती. तात्याराव छापील वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन इथे आलेले. कॉलमात चार ओळींची जागा राहिली की त्यांच्या जिवाची तगमग होई. त्यांनी अवनी साखळकर तयार केली. खेळ, करमणूक आणि मीडिया या तिन्ही विभागांत बसावी म्हणून तिला बॅडमिंटन दिलं, अभिनय दिला आणि वर एक पॉडकास्ट दिला. चेहरा दिला नाही, कारण चेहरा म्हटलं की तो कोणाचा तरी असणार आणि तो माणूस वकील घेऊन येणार. त्याऐवजी विकत मिळणाऱ्या फोटोंमधली एक पाठमोरी बाई निवडली. लांब वेणी, हातात रॅकेट. दरवेळी तोच फोटो. नियम दोन. भरणीच्या बातमीने कोणाचं वाईट होता कामा नये, आणि भरणीच्या बातमीचा पाठपुरावा करायचा नाही.

तात्याराव मुलाकडे कॅनडाला गेले, जाताना तिला पुष्करच्या हवाली करून गेले. लोक घरातल्या माशांना खायला घालतात तशा मायेने पुष्कर तिला तीन वर्षं बातम्या घालत होता. सरावात तिचा घोटा दुखावला. तिने मांजरी गावात आलिशान फ्लॅट घेतला. ट्रेडमिल घेतली. आईच्या हातच्या अळूवडीचा फोटो टाकला. एकदा तर 'अवनी साखळकरचा गुपचूप साखरपुडा?' अशीही बातमी झाली. प्रश्नचिन्ह घातलं की उपसंपादकाला शांत झोप लागते.

मग मुंबईहून अपूर्वा मॅडम संपादक म्हणून आल्या. त्यांचा नियम एकच. बातमीला सोर्स हवा, आणि सोर्सकडे आधार कार्ड हवं. पुष्करने भरणीचा सगळा प्रकार त्यांना सांगून टाकला. त्या चिडल्या नाहीत. उद्यापासून ही बाई नको, इतकंच म्हणाल्या.

इथे पुष्करने गप्प बसायला हवं होतं. अवनीचं नाव घेणं थांबवलं असतं तर कुत्रंही विचारायला आलं नसतं. पण पुष्कर शनिवार पेठेत वाढलेला. तिथला माणूस दूधवाला बंद करतो तोही कारण सांगून. तीन वर्षं सांभाळलेल्या बाईला असं अधांतरी सोडून देणं त्याला सभ्यपणाचं वाटेना. त्यात गुरुवारी एक बातमी कमी पडत होती. त्याने तिचं निधन लिहिलं. 'अल्पशा आजाराने' हेही घातलं, उगाच तिला त्रास नको म्हणून.

नऊ वाजेपर्यंत एका माजी मंत्र्याने जवळची स्नेही गेल्याचं लिहिलं. एका निर्मात्याने तिच्यासोबतचं काम अर्धवट राहिल्याची खंत व्यक्त केली. दुपारी खडकीत एका क्रीडा मंडळाने श्रद्धांजलीचा फ्लेक्सही लावला. पुष्कर तो बघायला गेला. खाली अकरा कार्यकर्त्यांचे गोल फोटो, सगळे समोरून हसणारे, आणि मधोमध मोठी अवनी, पाठमोरी. मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला सांगितलं की ती इथेच शिकली, फार गुणी मुलगी, कधी मान वर करून बोलली नाही. पुष्करने विचारलं, दिसायला कशी होती. अध्यक्षांनी वळून फ्लेक्सकडे पाहिलं. मग ते म्हणाले, केस लांब होते.

अपूर्वा मॅडमनी ती बातमी केव्हाच काढायला लावली होती. दुरुस्ती मात्र द्यायची नाही, दुरुस्ती म्हणजे कबुली. तशी बातमी कधी गेलीच नव्हती. शिवाय तांत्रिक बाजू बघणाऱ्या सौरभला त्यांनी कामाला लावलं. साइटवरच्या तिच्या जुन्या बातम्या शोधायच्या आणि एकेक करून उडवायच्या.

शनिवारी दुपारी प्रेक्षकांसाठी ठेवलेला फोन वाजला. पुष्कर जवळ होता म्हणून त्याने उचलला.

"अवनी साखळकर बोलतेय," पलीकडून एक बाई म्हणाली. आवाज स्वच्छ, थोडा तुटक. "आपण माझं नक्की काय केलंत, ते जरा येऊन बघाल का?"

कोणीतरी चेष्टा करतंय, असं समजून पुष्करने पत्ता विचारला.

"पत्ता आपणच दिलात," बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मांजरीत आता ऊस आणि टॉवर शेजारीशेजारी उगवतात. पुष्करने गाडी उसाच्या कडेने घेतली आणि पहिल्याच नव्या इमारतीपाशी थांबवली, कारण बातमीत त्याने इमारतीचं नाव दिलं नव्हतं. कुठलीही चालणार होती. वॉचमनच्या शर्टावर 'पोपट' अशी पट्टी होती. त्याला नाव सांगितल्यावर तो अजिबात दचकला नाही.

"हाय की वर," तो म्हणाला. "पन कुनी भेटाया येत न्हाई त्यास्नी."

कितवा मजला, असं विचारल्यावर त्याने फक्त वर बोट दाखवलं. लिफ्टमध्ये आकडे होते, पण पुष्करने एकही दाबला नाही तरी ती निघाली. थांबली तेव्हा दार थेट फ्लॅटमध्ये उघडलं.

फ्लॅट आलिशान होता. आलिशान आणि फ्लॅट, एवढंच होतं. लांबच लांब संगमरवरी फरशी, टोकाला बाल्कनी, आणि त्यात स्वयंपाकघर नाही, मोरी नाही, आतलं एकही दार नाही. मधे एक ट्रेडमिल. फरशीवर अळूवडीची एक बशी, तिच्यातून वाफ येत होती. आणि बाल्कनीच्या कठड्याशी एक पुरुष उभा असावा असं वाटत होतं. बघायला गेलं की नसे, नजर काढली की असे. ते आपलंच साखरपुड्याच्या बातमीतलं प्रश्नचिन्ह असल्याचं पुष्करला कळलं.

ती खोलीच्या मधोमध पाठ करून उभी होती. लांब वेणी, हातात रॅकेट.

"बसा म्हटलं असतं," ती म्हणाली, "पण खुर्चीची बातमी आपण दिली नाहीत."

पुष्करने तिच्या उजवीकडून फेरी मारली. समोर जाऊन उभा राहिला. वेणीच. डावीकडून गेला, तरी वेणीच. ती वळत नव्हती, पाऊल हलत नव्हतं, आणि तरी तिला समोरची बाजू नव्हती. भर दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. त्या उन्हात त्याला थंडी वाजू लागली.

तिने मग सांगायला सुरुवात केली, रागाने नव्हे, सोसायटीच्या सभेत पाण्याची तक्रार मांडावी तसं. घोटा दुखावल्याची बातमी आली तेव्हापासून तो दुखतोय. बरा झाल्याचं कोणी सांगितलंच नाही. पुष्कर म्हणाला, पाठपुरावा न करण्याचं आमचं धोरण आहे. हो, तिला ते जाणवलं होतं. गुरुवारी निधन झालं तेव्हा ती रीतसर आडवी झाली, डोळेबिळे मिटले. मग बातमी काढून टाकली म्हणून उठली. पण ती नक्की उठली की नाही, याची बातमी कुठेच नव्हती. तेव्हापासून छातीत तीन सेकंद काहीतरी धडधडतं आणि मग बराच वेळ काहीच नाही. तिने त्याच्यापुढे मनगट धरलं. पुष्करने बोट ठेवलं. धडधडलं, आणि थांबलं. तो वाट बघत राहिला. खाली कुठेतरी ट्रॅक्टर सुरू झाला आणि बंद झाला.

बोट काढून त्याने बाजूला पाहिलं तर ट्रेडमिल नव्हती. आवाज नाही, फरशीवर डाग नाही.

त्याने सौरभला फोन लावला. सौरभ खुशीत होता. हाताला लागेल त्या क्रमाने तो बातम्या काढत होता आणि आत्ताच ट्रेडमिलवाली उडवली होती. "पण भाई, तुला कसं कळलं?" त्याने विचारलं. पुष्करने त्याला थांबायला सांगितलं. मॅडमना शब्द दिलाय, सोमवारपर्यंत सगळं साफ, असं म्हणून सौरभने बोलता बोलता आणखी एक उडवली असावी, कारण बशीतली वाफ बंद झाली आणि मग बशीही.

"मेले म्हणा," अवनी साखळकर म्हणाली, "किंवा नाही मेले म्हणा. एक काहीतरी म्हणा. मधे ठेवू नका. मधे फार गार आहे हो."

रविवारी पुष्करला जेवण गेलं नाही. शनिवार पेठेतल्या फ्लॅटमध्ये तो आणि आई कुसुमताई दोघंच राहत. कुसुमताई पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या. उभा जन्म टिपणी लिहिण्यात गेला, त्यामुळे मुलाचं तोंड बघून विषय ओळखायची सवय होती. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. ऑफिसात एकीचं काम अडकलंय, असं तो म्हणाला. मग उद्या पहिलं ते कर, असं त्यांनी सांगितलं.

सोमवारी त्याने अपूर्वा मॅडमना गाठलं. तीन सेकंद हवे होते. 'अवनी साखळकर यांची प्रकृती उत्तम', बस. मॅडमनी सोर्स विचारला. तो म्हणाला, ती स्वतः. मॅडम म्हणाल्या, आधार कार्ड घेऊन तिला बोलाव. पुष्करने सगळं सांगितलं, वेणीसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. माणसं रजा न घेता फार दिवस काम करतात तेव्हा हे असं होतं, याची त्यांना कल्पना होती. पण बाईंचा नियम पक्का होता आणि पक्क्या नियमाचा त्यांना अभिमानही होता, म्हणून त्यांनी नियमातूनच वाट काढून दिली.

"ती जिवंत आहे ही बातमी होत नाही, पुष्कर. ती नाहीच आहे. पण तू इन्कार करतोयस, ही बातमी आहे. तू आहेस. तुझं आधार आमच्याकडे आहे."

मंगळवारी सकाळी पन्नासावी बातमी गेली. 'अवनी साखळकर यांच्या निधनाच्या वृत्ताचा पुष्कर अभ्यंकर यांच्याकडून इन्कार.' ओळखपत्रावरचा फोटो, तीन सेकंद, तलवारीचा आवाज. सोर्स असलेली बातमी असल्याने सौरभला ती उडवता येणार नव्हती. बाकीच्या सगळ्या आदल्या रात्रीच साफ झाल्या होत्या.

थोड्या वेळात फोन आला. मागे वारा वाजत होता. फ्लॅट गेला, ती सांगत होती. बाल्कनीतले ते गृहस्थही गेले, पण त्यांचं तसंही काही नक्की नव्हतं. आता ती उसाच्या कडेला उभी होती. घोट्याची बातमी उडाली त्याबरोबर घोट्याचं दुखणं गेलं. छातीतलं धडधडणं सलग झालं. गार अजिबात वाटत नव्हतं. एक रिक्षावाला समोरून गेला आणि तिच्या तोंडाकडे बघून गेला, असं तिने दोनदा सांगितलं.

"आपण कसे आहात?" तिने विचारलं.

बरा आहे, असं म्हणायला पुष्करने तोंड उघडलं.

"या वृत्तात तथ्य नाही," तो म्हणाला.

पलीकडे तिला ते लगेच कळलं. मग ती हळूच म्हणाली, "अहो, आपण आपली स्वतःची एवढी एकच बातमी दिलीत?"

त्याने त्यालाही नाहीच म्हटलं.

पहिले काही दिवस ऑफिसात फार मजा आली. चहा घेणार का, तथ्य नाही. मीटिंगला येतोस का, निराधार. सौरभने त्याला पाठिंबा म्हणून चहावाल्याला तसंच उत्तर द्यायला सुरुवात केली आणि दोन दिवस चहाविना राहिला. डॉक्टरांनी दुखतंय का विचारलं, पुष्करने इन्कार केला. दुखत नाही ना विचारलं, त्याचाही इन्कार केला. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दारातल्या यंत्रावर तो अंगठा टेकवी, यंत्र विचारी 'पुष्कर अभ्यंकर?', आणि तो अंगठा उचलून घेई. आठवडाभरात यंत्राने विचारणं सोडलं. मग लोकांनीही सोडलं. त्याच्या खुर्चीत कोणी तरी नवीन मुलगी बसू लागली आणि जागा रिकामीच होती, असं ती सांगू लागली. ती खोटं बोलत नव्हती. तिने बघितली होती.

घरी मजा नव्हती. कुसुमताईंनी त्याला समोर बसवून आमटी-भात वाढला. त्याने खाल्ला, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आवडला का म्हणून विचारायला नको होतं, पण सवयीने तोंडून गेलं. तो म्हणाला, असं काही झालेलं नाही. त्यांनी ताटाकडे पाहिलं. भात होता तसा होता. वरचं तूप अजून विरघळायचं होतं.

त्यांनी प्रश्न विचारणं बंद केलं. घरात दिवस दिवस बोलणं होईना. पण बेल वाजली की काय करणार? पेठेतलं दार विचारल्याशिवाय उघडत नाही.

"कोण? पुष्कर का?"

"हे वृत्त निराधार आहे," बाहेरून त्याचा आवाज येई.

दार उघडलं की जिना रिकामा असे. त्या तिथेच उभ्या राहत. शेजारच्या जोशांच्या कुकरची शिट्टी होई, कोणी तरी गाडी लावी. मग हवेत ऊन जमावं तसा तो उंबऱ्यापाशी जमे, आधी पिशवी, मग हात, सगळ्यात शेवटी चेहरा. त्या काही न बोलता बाजूला होत. दरवेळी थोडा जास्त वेळ लागे. परवा चेहरा आलाच नाही. त्याने तसंच आत येऊन दिवा लावला, आणि कुसुमताई हात धुवायचं निमित्त करून मोरीत जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून त्या वाघोलीला गेल्या. मंगळवारची ती बातमी त्यांनी पाहिली होती आणि ऑफिसात अडकलेलं 'एकीचं काम' कोणतं, हे त्यावरून ओळखलं होतं. अपूर्वा मॅडमनी उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. पुष्कर इथे होता का, हे त्यांना चटकन आठवेना, पण आठवल्यावर वाईट वाटलं. जुन्या बातमीचा पाठपुरावा वाहिनी करत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. शिवाय आता जागाही नव्हती. बंगळुरूच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि ते रोज साठ बातम्या देई, त्यातल्या दहा टाकून द्याव्या लागत. तरी लेखी द्या, त्या म्हणाल्या, बघू. हे 'बघू' कुसुमताईंनी स्वतः नोकरीभर लोकांना ऐकवलं होतं. त्या खाली आल्या, टाइल्सच्या दुकानात नमुन्याच्या फरशांसमोर एका स्टुलावर बसल्या आणि अर्ज लिहिला.

"प्रति, मा. संपादक, घडामोड वाहिनी, वाघोली यांस.

विषय: चिरंजीव पुष्कर अभ्यंकर यांच्याबाबत एक बातमी प्रसिद्ध करणेबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या वाहिनीने माझ्या मुलाबाबत एकच बातमी दिलेली असून तिच्यामुळे तो घरात पूर्णपणे उपस्थित राहू शकत नाही. त्या बातमीची सत्यता मला मान्य आहे व माझी तिच्याविरुद्ध तक्रार नाही. तसेच ती मागे घेतल्यास संबंधित महिलेस अडचण होईल, याची मला जाणीव आहे. सबब ती मागे घेण्यात येऊ नये. तथापि, आपल्याकडे रोज दहा बातम्या वाया जातात असे आपल्या बोलण्यातून समजले. त्यापैकी एकीच्या जागी, माझा मुलगा 'हो' म्हणाल्याची बातमी देण्यात यावी. कशाला हो म्हणाला, हे आपण आपल्या सोयीने ठरवावे. लग्न, क्रिकेट, एखादी जाहिरात, काहीही चालेल. सोर्स म्हणून माझे आधार कार्ड सोबत जोडले आहे. फोटो समोरून घ्यावा. तरी सदर प्रकरणी तीन सेकंद मंजूर होऊन, मी दार उघडण्यापूर्वी ती बातमी प्रसारित व्हावी, ही नम्र विनंती."